घरच्या डार्करूमची यंत्रणा सुधारा: तापमानाचा टब, फिरती टाकी आणि खाचांचं वॉशर

कॅमेऱ्याचा फिल्म रोल घरी धुणारे, म्हणजे डेव्हलप करणारे, बहुतेक जण डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) बदलून बघतात, वेळ बदलून बघतात, पण फिल्म ज्यात धुतात त्या बंद टाकीच्या आत खरं तापमान किती होतं हे मोजत नाहीत. निगेटिव्ह दर वेळी वेगळी येते याचं मूळ अनेकदा तिथेच असतं. म्हणून यंत्रणेवर पैसे खर्च करायचे असतील तर पहिला खर्च तापमानावर करा. टाकी फिरवण्याची सोय त्यानंतर, आणि कागदावर प्रिंट काढत असाल तर मग प्रिंट धुवायचं वॉशर.

तापमानाचा टब

सी-४१ (कलर निगेटिव्हची नेहमीची प्रक्रिया) च्या कलर रोलला डेव्हलपर ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद लागतो आणि चूक ०.१५ अंशापर्यंतच चालते. ब्लीच आणि फिक्सर या पुढच्या रसायनांना एवढी काटेकोर अट नाही, त्यामुळे सगळी ताकद डेव्हलपरवर लावा. आता एक हिशेब. टाकी आणि रील (फिल्म गुंडाळायची चकती) मिळून पाव किलो प्लास्टिक २८ अंशांवर आहे आणि त्यात ३७.८ अंशांचा ३०० मिली डेव्हलपर ओतला, तर मिश्रण साडेपस्तीसच्या आसपास येतं. म्हणजे बाटलीतलं तापमान अगदी बरोबर असूनही फिल्मला दोन अंश थंड डेव्हलपर मिळतो. यावर उपाय म्हणजे टाकी गळ्यापर्यंत टबात बुडवून ठेवायची आणि डेव्हलपरच्या आधी ३८ अंशांचं साधं पाणी ५ मिनिटं टाकीत भरून ठेवायचं.

टबासाठी १५ ते २० लिटरचा आयताकृती प्लास्टिक डबा घ्या. उंची अशी हवी की टाकी आणि रसायनांच्या बाटल्या खांद्यापर्यंत बुडतील. हीटर मत्स्यालयाचा, ३०० वॉटचा. त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट साधारण ३२-३४ अंशांवर थांबतो, म्हणून ज्याला बाहेरून नियंत्रण देता येतं असा हीटर निवडा. १५ लिटर पाणी २८ वरून ३८ वर न्यायला ६२८ किलोज्यूल उष्णता लागते. ३०० वॉटच्या हीटरला त्यासाठी ३५ मिनिटं लागतात आणि टब उघडा असेल तर त्याहून जास्त. घाई असेल तर गरम पाणी ओतून सुरुवात करा, हीटरकडे फक्त तापमान टिकवण्याचं काम ठेवा. अंघोळीच्या बादलीतली रॉड इथे नको. तिची ताकद टबाच्या मानाने फार मोठी असते, तापमान उसळून वर जातं आणि पाण्यात हात घालताना धोका असतो तो वेगळाच.

नियंत्रणाला एसटीसी-१००० हा स्वस्त कंट्रोलर पुरतो. त्याला हीटिंग आणि कूलिंग असे दोन रिले (आपोआप चालू-बंद होणारे स्विच) असतात. त्याच्या सेटिंगमधल्या एफ१ मध्ये हवं ते तापमान भरा, एफ२ मधला फरक सगळ्यात कमी म्हणजे ०.३ ठेवा. ०.३ चा फरक सी-४१ च्या मर्यादेपेक्षा मोठा आहे हे खरं. पण टबाचं पाणी थोडं वरखाली झालं तरी त्यात बुडालेल्या एक लिटरच्या बाटलीत तो हेलकावा बराच विरतो, त्यामुळे काम भागतं. त्याहून नेमकं हवं असेल तर पीटी१०० हा अचूक तापमान सेन्सर आणि सॉलिड स्टेट (इलेक्ट्रॉनिक) रिले जोडलेला पीआयडी कंट्रोलर लावा, तो हीटरची ताकद हळूहळू कमी-जास्त करतो. त्या रिलेला उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक लागतोच.

टबात फिरता पंप हवाच हवा. मत्स्यालयाचा छोटा सबमर्सिबल पंप एका कोपऱ्यात लावा आणि सेन्सर त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, हीटरपासून लांब. पंप नसेल तर गरम पाणी वर साचतं, खालचं थंड राहतं आणि सेन्सर जिथे असेल तिथलाच आकडा खरा वाटतो.

कंट्रोलरचा सेन्सर एका अंशाने चुकीचा असू शकतो, म्हणून तो आधी जुळवा. याला सोपं साधन घरातच आहे: ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर. त्या पल्ल्यात तो साधारण ०.१ अंशापर्यंत अचूक असतो आणि १०० अंश फॅरनहाइट म्हणजेच ३७.८ सेल्सियस. टब स्थिर झाल्यावर त्याचं फक्त टोक सेन्सरच्या शेजारी, वाहत्या पाण्यात धरा. तो सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो, म्हणून दोन-तीन वेळा बंद करून पुन्हा मोजा. जो फरक दिसेल तो कंट्रोलरच्या एफ४ मध्ये भरा.

वीज आणि पाणी एकत्र आहेत, तेव्हा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग असल्याशिवाय टब चालू करू नका. हात घालण्याआधी प्लग काढायचा. हीटर उघडा पडला की काच तडकते, म्हणून पाण्याच्या किमान पातळीची खूण डब्यावर बाहेरून करून ठेवा.

उन्हाळ्यात उलटी अडचण

ब्लॅक अँड व्हाइटच्या तक्त्यांमध्ये २० अंश लिहिलेले असतात आणि एप्रिल-मे मध्ये नळाचं पाणी तिशीला टेकतं. वीसचा हट्ट धरू नका, वर्षभर २४ अंश ठरवून घ्या. तापमान वाढलं की वेळ घटते: इलफर्ड या फिल्म कंपनीच्या तक्त्याप्रमाणे २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील तर २३ ला ३ मिनिटं. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ लागली की ओतायला-काढायला लागणारे काही सेकंदही फिल्मवर असमान डागाच्या रूपात दिसतात. अशा वेळी डेव्हलपर १+१ करा (एक भाग डेव्हलपरला एक भाग पाणी), वेळ पुन्हा लांबते.

१० लिटर पाणी ३० वरून २४ वर आणायला साधारण ६०० ग्रॅम बर्फ लागतो. हाताने बर्फ टाकत बसायचं नसेल तर कंट्रोलरच्या कूलिंग रिलेवर दुसरा छोटा पंप लावा. थर्माकोलच्या पेटीत बर्फाचं पाणी भरा आणि पंपाने ते टबात बुडवलेल्या तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून फिरवा. एफ३ मधला विलंब कॉम्प्रेसरसाठी असतो, तो कमीत कमी म्हणजे १ मिनिटावर आणा.

शेवटी फिल्मवरची रसायनं धुवायचं पाणीही याच तापमानाच्या पाच अंशांच्या आत हवं. धुण्यासाठी वाहता नळ लागत नाही. इलफर्डची पद्धत अशी: टाकी पाण्याने भरून ५ वेळा उलटीसुलटी करा आणि ओतून द्या, पुन्हा भरून १० वेळा, मग २० वेळा. दीड लिटरमध्ये रोल स्वच्छ होतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी यासाठी उत्तम. कोकण-मुंबईच्या दमट हवेत माठ तेवढा थंड होत नाही, तिथे धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या टबातच ठेवा.

फिरती टाकी

जर्मनीच्या जोबो कंपनीच्या यंत्रांनी आडवी टाकी पाण्यात फिरवायची पद्धत रुळवली. घरी तेच करायला दोन समांतर दांडे, ६०८ नंबरचे चार बेअरिंग आणि १२ व्होल्टची गिअर मोटर लागते. एका दांड्यावर रोलर बसवून त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, पकड चांगली येते. दुसरा दांडा मोकळा फिरू द्या. मोटर पाण्याच्या पातळीच्या वर ठेवून पट्ट्याने जोडा. टाकीचे फेरे म्हणजे मोटरचे फेरे गुणिले रोलरचा व्यास भागिले टाकीचा व्यास. मिनिटाला १५० फेऱ्यांची मोटर, ४ सेंटिमीटरचा रोलर आणि ८ सेंटिमीटरची टाकी असेल तर ७५ फेरे मिळतात, फिल्मला तेवढेच हवेत. टाकी मात्र आडवी केली तरी न गळणारी हवी.

एकाच दिशेने फिरवलं तर रीलच्या वळणांतून डेव्हलपर एकाच बाजूने सरकत राहतो आणि कडेला पट्टे पडतात. म्हणून सायक्लिक टायमर आणि डीपीडीटी रिले (मोटरच्या तारांची अदलाबदल करणारा स्विच) लावून दर पाच-सहा फेऱ्यांनी दिशा उलटवा, मध्ये अर्धा सेकंद थांबा ठेवा म्हणजे मोटरवर झटका येत नाही. टब स्पिरिट लेव्हलने समतल करा. एका बाजूला कल असेल तर वरच्या टोकाच्या फिल्मला डेव्हलपर कमी पोचतो आणि रोलची एक कड फिकी येते.

सतत फिरवण्यामुळे डेव्हलपिंग वेगाने होतं, तेव्हा वेळ १५ टक्क्यांपर्यंत कमी करून चाचणी घ्या. आडव्या टाकीला द्रव कमी लागतो हा फायदा आहे आणि सापळाही तोच. जोबोच्या १५१० टाकीला १४० मिली पुरतं, पण एक्सटॉल या डेव्हलपरचा किमान १०० मिली मूळ (पाणी न मिसळलेला) द्रव एका रोलला लागतो. १+१ केलं तर १४० मध्ये मूळ द्रव फक्त ७०. फिल्म पूर्ण ओली होते, फिरते, सगळं ठीक दिसतं आणि निगेटिव्ह तरीही पातळ, म्हणजे फिकी, येते. अशा वेळी मोठी टाकी घ्या.

कागदासाठी खाचांचं वॉशर

आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) कागद दोन मिनिटांत धुतला जातो, त्याला ट्रे पुरतो. फायबर (प्लास्टिकचा थर नसलेल्या) कागदाच्या धाग्यांत हायपो, म्हणजे फिक्सरमधलं रसायन, मुरतो आणि तो हळूहळू झिरपूनच बाहेर येतो. ट्रेमध्ये प्रिंट एकमेकांना चिकटतात आणि नवा प्रिंट टाकला की आधीचे पुन्हा खराब होतात. खाचांच्या वॉशरमध्ये प्रत्येक प्रिंटला स्वतंत्र कप्पा असतो.

८ बाय १० इंची दहा प्रिंटांसाठी आतली लांबी २८ सेंटिमीटर, पाण्याची उंची २४. बाहेरची भिंत ५ मिलिमीटर अॅक्रिलिकची, मधले पडदे ३ मिलिमीटरचे, प्रत्येक खाच १० मिलिमीटर. पाणी खालच्या भोकं पाडलेल्या नळीतून प्रत्येक खाचेत शिरावं आणि प्रत्येक खाचेच्या वरच्या काठावरून स्वतंत्र बाहेर पडावं. एकाच भोकातून सगळं बाहेर काढलं तर जवळच्या खाचा धुतल्या जातात आणि लांबच्या तशाच राहतात. ओला प्रिंट गुळगुळीत पडद्याला चिकटतो, म्हणून पडद्याच्या दोन्ही बाजूंना मासेमारीची नायलॉन दोरी उभी ताणून बसवा.

आत साधारण पावणेसात लिटर पाणी मावतं. दर पाच मिनिटांनी ते बदलावं असा प्रवाह ठेवला तर तासाला ८० लिटर जातात. धुण्याआधी लिटरमागे २० ग्रॅम सोडियम सल्फाइटच्या द्रावणात प्रिंट १० मिनिटं हलवलात तर वीस मिनिटांचं धुणं पुरतं आणि पाणी २७ लिटरवर येतं.

वॉशर खरंच काम करतंय का, हे एचटी-२ या उरलेला हायपो दाखवणाऱ्या द्रावणाने तपासा. १०० मिली डिस्टिल्ड पाण्यासाठी सिल्व्हर नायट्रेट ०.७५ ग्रॅम आणि ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड साडेतीन मिली. नळाचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्लोराइडमुळे द्रावण दुधाळ होऊन फुकट जातं. हातमोजे घाला, कातडीवरचा काळा डाग आठवडाभर जात नाही. धुतलेल्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवरचं पाणी टिपून एक थेंब ठेवा, उन्हापासून दूर दोन मिनिटं थांबा आणि धुऊन टाका. अगदी फिकट पिवळसर छटा आली तर ठीक, तपकिरी आली तर हायपो शिल्लक आहे. चारही कोपऱ्यांवर थेंब ठेवा. सगळे तपकिरी असतील तर वेळ वाढवा. एकच कोपरा तपकिरी असेल तर प्रिंट तिथे पडद्याला चिकटला होता, त्या खाचेतली दोरी सैल झाली आहे का ते बघा.