विदेशी सरपटणारे प्राणी पाळताय? नोंदणीच्या या चुका टाळा

इग्वाना (मोठा विदेशी सरडा), बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) किंवा सल्काटा (आफ्रिकेतलं मोठं कासव) घरी पाळणं भारतात गुन्हा नाही. नोंदणीशिवाय पाळणं मात्र आहे. वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी आपल्या कायद्याच्या अनुसूची चारमध्ये आले. नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. आता नवा प्राणी घेतला, तर ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर अर्ज करायचा. फी हजार रुपये. प्राण्यासाठी पन्नास हजार मोजणारे लोक या एका अर्जाला कंटाळतात, हे मला आजही समजत नाही.

विक्रेत्याची पीडीएफ म्हणजे आपला परवाना, असं समजणं

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. हडपसरचा एक मुलगा वीतभर लांबीचा, हिरवागार इग्वाना घेऊन आला. पिल्लू खात नव्हतं म्हणून कुणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. मी आधी कागद मागितला.

“दादा, सर्टिफिकेट आहे ना! विक्रेत्याने त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवलं.”

फोनवर पाहिलं, तर प्रमाणपत्र २०२० चं. त्या वर्षी जूनमध्ये केंद्राने विदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना काढली होती. सहा महिन्यांत जो जाहीर करेल त्याच्याकडे आयातीची कागदपत्रं मागायची नाहीत, अशी ती सवलत होती. या प्रमाणपत्रात कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर दोन प्रौढ इग्वाना होते. फोटोतल्या नराची शेपटी मधेच तुटून पुन्हा वाढलेली, त्यामुळे अर्ध्यापासून पुढे एकरंगी काळपट. आमच्यासमोरच्या पिल्लाच्या शेपटीवरचे पट्टे टोकापर्यंत स्पष्ट दिसत होते. २०२० साली प्रौढ असलेला प्राणी आज वीतभर कसा असेल, एवढा साधा प्रश्न पैसे देण्यापूर्वी कुणी विचारला नव्हता.

पिल्लू त्या जोडीचंच आहे, असं विक्रेता फोनवर सांगत राहिला. असेलही. पण मग त्याच्या जन्माची नोंद हवी, आणि पहिल्या मालकाकडून विक्रेत्याकडे, विक्रेत्याकडून या मुलाकडे असं प्रत्येक हस्तांतरण नोंदलेलं हवं. यातलं काहीच नव्हतं. दोन दिवसांनी विक्रेत्याचा फोन बंद झाला. पिल्लू शेवटी वनविभागाकडे गेलं आणि पैसेही बुडाले.

ते खात का नव्हतं, तेही सांगतो. त्याचा खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा लवत होता आणि पुढचे पाय थरथरत होते. कॅल्शियमची कमतरता. पेटीत साधा पिवळा बल्ब होता; कॅल्शियम अंगी लागायला हवा असलेला अतिनील किरणांचा दिवा नव्हताच. “तो पुढच्या महिन्यात घेणार होतो,” असं मुलगा म्हणाला. कागद नंतर म्हणणाऱ्यांच्या घरी दिवाही नंतरच येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कागद तपासायला दोन आठवडे थांबावं लागलं, तर त्यात पेटी, दिवा आणि तापमान लावून होतं. घाई झालेल्या माणसाने मासे पाळावेत. खरं तर तेही नकोत.

माझी सवय अशी आहे: प्राणी एका हाताशी, कागद दुसऱ्या हाताशी, आणि दोन्ही जुळेपर्यंत पैसे खिशात. विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर नोंद आहे का, प्राण्याची संख्या आणि वय बसतं का, हे बघायचं. मग त्याच दिवशी फोटो काढायचे. अजगराच्या डोक्याची वरून आणि डाव्या अंगाची नक्षी, कासवाच्या पोटाचं कवच, इग्वानाच्या गालाचा मोठा खवला आणि पूर्ण शेपटी. पावती आणि फोटो एकाच फाइलमध्ये.

देशी प्राण्याला विदेशी समजणं

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव ‘मादागास्करचं आहे, कागद होतो’ असं सांगून विकलं जातं. वास्तुशास्त्र, फेंगशुई, घरात पैसा टिकतो, या नावाखाली घेणारेही भरपूर. हे कासव आपल्याच देशातलं आहे, कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहे. त्याचा घरगुती परवाना कुठलाही अधिकारी देणार नाही. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड वेगळा. मादागास्करचं रेडिएटेड कासव खरोखर वेगळं असतं: त्याच्या मानेच्या बरोबर वर, कवचाच्या काठावर मधोमध एक छोटी पट्टी असते. आपल्या स्टार कासवाला ती नसते. आणि समजा ती पट्टी दिसलीच, तरी खूश होऊ नका. ते कासव सायटिसच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे; अडचण तितकीच मोठी.

मांडूळ, घोरपड, देशी अजगर, सरडगुहिरा (शॅमेलिऑन), तळ्यातली देशी पाणकासवं यांचाही घरगुती परवाना मिळत नाही. हे प्राणी पाळायचा परवाना मिळवून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे.

यादीत नाही म्हणजे मोकळं, हा समज

कॉर्न स्नेक सायटिसच्या यादीत नाही, म्हणून ही नोंदणी त्याला लागत नाही. पण बाहेरून आणायचा तर आयात परवाना आणि पशुसंवर्धन विभागाची आरोग्यविषयक परवानगी हवीच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या पाकिटांत दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. बाजारातल्या स्वस्त सापाची किंमत स्वस्त का, याचं उत्तर बऱ्याचदा अशा पाकिटात असतं.

जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण न कळवणं

नोंदणी एकदा करून संपत नाही. अंड्यांतून पिल्लं निघाली, प्राणी मेला, मित्राला दिला, प्रत्येक वेळी कळवायचं. मेलेला प्राणी गुपचूप पुरू नका, आधी पशुवैद्याकडून शवविच्छेदनाचा अहवाल घ्या.

सल्काटा लहानच राहील असं धरून चालणं

राहत नाही. चाळीस किलोंच्या पुढे जातो आणि तुमच्यानंतरही जगेल. अर्ज भरण्याआधी घरातल्यांना विचारा.

अंगाशी आलं की सोडून देणं

याचा मला सर्वांत जास्त राग येतो. लाल कानाची अमेरिकन कासवं हाताएवढी झाली, पाणी घाण करू लागली, की रात्री तलावात. ती तिथे मरत नाहीत; देशी कासवांचं अन्न आणि उन्हात बसायच्या जागा बळकावतात. कागद नसलेला इग्वाना किंवा अजगर टेकडीवर सोडणं हाही उपाय नव्हे. प्राणी बंद पेटीत, उबेत ठेवा, तो कुठून आणि कधी आला ते खरं खरं लिहून काढा, मिळाले असतील तेवढे चॅट आणि पैसे पाठवल्याचे पुरावे जोडा आणि वनविभागाला स्वतःहून कळवा. महाराष्ट्रात ‘हॅलो फॉरेस्ट’चा १९२६ हा क्रमांक चालतो.