टॅरंटुला उताणा पडलाय? आधी हात मागे घ्या

कालपरवापर्यंत रातकिडा दिसला की झडप घालणारा आपला पाळलेला टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, आज त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कोपऱ्यात बसून राहतो, अंगाचा रंग धुरकट झालाय, कधी बिळाचं तोंडच मातीने लिंपून घेतो. आणि मग एका सकाळी पेटीत डोकावावं तर स्वारी उताणी, आठही पाय पसरलेले! पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतोच. माझाही चुकला होता, आणि मी त्याला सुलटा करायला झाकण उघडलंसुद्धा होतं. नशीब, हात आत घालण्याआधी थांबलो. बहुतेक वेळा ही कात टाकण्याची तयारी असते, आणि त्या दिवसांत कोळ्याला मोठा धोका असतो तो मालकाच्या शिवशिवणाऱ्या हातांचाच.

१. कात येतेय का, ते ओळखा

अन्न सोडणं ही पहिली खूण, पण तेवढ्यावर जाऊ नका. पोट, म्हणजे अंगाचा मागचा गोल भाग, वरून बघा. अमेरिका खंडांतल्या बऱ्याच जातींच्या पोटावर खाजरे केस असतात. धोका वाटला की ते मागच्या पायांनी घासून हवेत उडवतात, त्यामुळे पोटावर टक्कल पडतं. एरवी फिकट दिसणारं हे टक्कल काळपट होऊ लागलं, की आत नव्या कातडीवर नवे केस तयार झाले असं समजा. आशिया-आफ्रिकेतल्या जातींना असे केस नसतात. त्यांच्यात टक्कल शोधत बसू नका. मंदावलेली हालचाल, उतरलेला रंग आणि वाढलेलं जाळं यांवरून अंदाज घ्या. पिल्लांचं पोट फुगून तकतकीत आणि गडद दिसतं.

उपास किती दिवस चालेल? पिल्लांचा काही दिवसांत किंवा एखाद-दोन आठवड्यांत आटोपतो. मोठे मात्र काही महिने तोंडाला काही लावत नाहीत. चिलीयन रोझसारखे कोळी तर कात जवळ नसतानाही महिनोन्‌महिने उपाशी राहतात. पोट भरलेलं, गोल दिसतंय ना? मग उपासाची चिंता सोडा.

२. पेटी आवरा

जिवंत भक्ष्य आधी बाहेर काढा. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. कात टाकताना आणि नंतर काही दिवस कोळ्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. अशा वेळी एरवीचं भक्ष्य असलेला रातकिडाच त्याला कुरतडू शकतो. एरवीसुद्धा न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी उचलायची सवय ठेवा.

पाण्याची वाटी भरलेली ठेवा. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो आणि त्यामुळे जुनी कात सुटते, म्हणून अंगात पुरेसं पाणी असावं लागतं. पण याचा अर्थ पेटीचं तळं करणं नव्हे. कोरड्या प्रदेशातल्या जातीला वाटीभर पाणी पुरतं. दमट जंगलातल्या जातीची माती एका बाजूने थोडी ओली ठेवा. कोळ्याच्या अंगावर फवारा मारू नका. आणि त्याने बीळ बंद केलं असेल तर उकरून बघू नका. आत काय चाललंय ही उत्सुकता मलाही होते, पण दार त्याने उगाच लावलेलं नाही.

३. उताणा की मेलेला?

टॅरंटुलाच्या पायांच्या मुख्य सांध्यांमध्ये पाय आत ओढणारे स्नायू असतात, पण ते सरळ करणारे नसतात. पाय ताठ होतात ते अंगातल्या द्रवाच्या दाबाने. म्हणून कोळी मरायला टेकला की दाब उतरतो आणि पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले जातात. तोही सुलटा असतानाच. थोडक्यात, पाठीवर पडून पाय पसरलेला कोळी कात टाकत असतो. उभ्या स्थितीत पाय आवळून बसलेला कोळी संकटात असतो. कात टाकणाऱ्याच्या खाली बहुधा जाळ्याची दाट चटई विणलेली दिसते. झाडावर राहणाऱ्या जाती जाळ्याच्या नळीत, कधी कुशीवरही कात टाकतात.

पाय आवळलेले आणि पोट सुरकुतलेलं दिसलं, तर तहान हे कारण असू शकतं. उथळ पाण्याच्या काठावर त्याचं तोंड टेकेल असं त्याला हलकेच ठेवा. पोट बुडू देऊ नका, कारण श्वासाची इंद्रियं पोटाच्या खालच्या बाजूला असतात. पाण्याने फरक पडत नसेल, सुळ्यांजवळ पांढरट चिकट काही दिसलं, दुर्गंधी आली किंवा अंगातून द्रव पाझरू लागला, तर असे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यांना लगेच दाखवा.

४. कात टाकताना

काही करू नका. खरंच. काचेवर टकटक नको, डोळे दिपवणारा प्रकाश नको, पेटी हलवणं नको. पाठीवरचं कवच झाकणासारखं उघडतं आणि मग एकेक पाय हातमोज्यातून काढावा तसा बाहेर येतो. पिल्लाचं काम तासाभराच्या आतही होतं, मोठ्याला कित्येक तास लागतात. नुसती बाहेरची कातडीच जाते असं नाही. सुळे आणि अन्न शोषून घेणाऱ्या जठराचं अस्तरही जुन्या कातीबरोबर निघतं.

पाय अडकला आणि कित्येक तास तसूभरही पुढे सरकला नाही, तरच मऊ ब्रशने कोमट पाण्याचा थेंब फक्त अडकलेल्या जागी सोडा. ओढू मात्र नका. पाय गेला तरी पुढच्या कातींमध्ये तो पुन्हा उगवतो. ओढताना पोट फाटलं तर कोळी वाचणं कठीण.

५. त्यानंतरची घाई टाळा

बाहेर आलेला कोळी बराच वेळ दमून पडून राहतो, मग पाय ताणतो. नवे सुळे आधी पांढरे, नंतर लालसर आणि शेवटी काळे होतात. काळे होईपर्यंत अन्न देऊ नका. पिल्लांसाठी चार-पाच दिवस, मध्यम वाढीच्यांसाठी आठवडा आणि पूर्ण वाढलेल्यांसाठी दोन आठवडे थांबलात तर चूक होत नाही. हातात घेणं तर बिलकूल नको.

टाकलेली कात तो बाजूला झाल्यावर लांब चिमट्याने उचला. त्यावर खाजरे केस असू शकतात, तेव्हा हातमोजे घाला, डोळ्यांजवळ नेऊ नका. कोमट पाण्यात भिजवून हलकेच पसरली, तर पोटाच्या आतल्या बाजूची रचना भिंगाखाली पाहून नर-मादी ओळखता येतं.

वयात आलेल्या नराचं मात्र निराळं आहे. तोंडाजवळच्या आखूड पायांची टोकं बॉक्सरच्या मुठींसारखी फुगलेली, बऱ्याच जातींत पहिल्या पायांवर आकडे, खाण्यात लक्ष नाही आणि दिवसरात्र काचेवर येरझाऱ्या, असं असेल तर तो कातीची तयारी करत नाहीये, मादी शोधतोय. त्याची शेवटची कात होऊन गेलेली असते, आणि पुढचे काही महिने तो असाच फिरत राहतो.