उपासनेत कार्टर पद्धतीचं गिटार

ठाण्यातल्या घरगुती प्रार्थनासभेत पेटी-ढोलकीला गिटारची जोड द्यायची, तर कंट्री गॉस्पेलमधली (अमेरिकन लोकसंगीताच्या ढंगाच्या ख्रिस्ती भक्तिगीतांतली) कार्टर पद्धत सोयीची. अमेरिकन गिटारवादक मेबेल कार्टर यांनी ती 1927 पासूनच्या रेकॉर्डिंगांतून लोकांपर्यंत नेली: अंगठा जाड तारांवर चाल वाजवतो, तर्जनी पातळ तारांवर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) झाडते.

जी, सी, डी7 एवढे तीनच कॉर्ड घ्या. आधी नुसता ठेका. जीला सहावी (सर्वांत जाड) तार, झाड (म्हणजे तर्जनीचा फटका), चौथी तार, झाड. सीला पाचवी-चौथी, डी7ला चौथी-पाचवी. मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला 80 ठोक्यांवर. अंगठा अडखळतो तो बहुतेकदा कॉर्ड बदलताना. तेव्हा झाड सोडा, पण अंगठ्याचा खालचा सूर सोडू नका. हे हातात बसल्याशिवाय चाल घालायची घाई करू नका.

पेटी काळी चारला असेल तर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर, काळी पाचला तिसऱ्यावर. कॅपो लावल्यावर तारा पुन्हा जुळवा. आलापी, संथ भजनाला हा ठेका शोभत नाही, तिथे पेटीलाच गाऊ द्या.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा पडद्यांपासून वर येतात आणि बोटं दुखतात. केसमध्ये सिलिका जेल ठेवा, वाजवून झाल्यावर तारा पुसा.