मिकी माऊसची निगा आणि दुरुस्ती : ऑक्टोबरच्या उन्हात करायची कामे

ठाणे आणि नवी मुंबईत दसऱ्यापासून मे अखेरीपर्यंत वाढदिवस, सोसायट्यांचे आनंदमेळावे आणि जत्रा यांत हवेने फुगवलेले किल्ले आणि घसरगुंड्या उभ्या राहतात, आणि मुलांपासून मंडपवाल्यांपर्यंत सगळे त्यांना सरसकट ‘मिकी माऊस’ म्हणतात. जून लागला की हेच किल्ले गुंडाळून गाळ्यात जातात आणि चार महिने पावसाळी हवेतला दमटपणा पीत पडून राहतात. त्यामुळे हंगामातील पहिली मागणी घेण्याआधी ऑक्टोबरच्या कडक उन्हाचे दोन दिवस दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत, असे वागळे इस्टेटच्या गाळ्यातून गेली अनेक वर्षे हे काम केल्यानंतर मी आवर्जून सांगेन.

घडी उलगडल्यावर ब्लोअर, म्हणजे हवा भरणारा विजेचा पंखा, लगेच जोडू नये. आधी जमिनीवर जाड ताडपत्री अंथरून त्यावर किल्ला पूर्ण पसरावा आणि कापड हाताने चाचपत एक फेरी मारावी. कुबट वास, शिवणींच्या कडेने उठलेले काळे ठिपके आणि उंदरांनी कुरतडलेल्या जागा या फेरीत सापडतात. उंदराने एकच भोक पाडले तरी गुंडाळीचे जितके पदर तो कुरतडतो तितकी भोके ओळीने सापडतात, म्हणून एक दिसले की त्याच रेषेत पुढची शोधावीत. बुरशीचे ठिपके सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मऊ स्पंजने पुसावेत, आणि तेवढ्याने न निघाल्यास पाणी मिसळलेला पांढरा व्हिनेगर वापरावा. ब्लीचने डाग लवकर जातो, पण शिवणीचा नायलॉनचा दोरा त्याने कुजतो. थिनर आणि पेट्रोल तर कापडावरचा पीव्हीसीचा लेपच खातात. त्यानंतर किल्ला फुगवून तीन-चार तास उन्हात चालू ठेवावा, मग हवा सोडून आत साचलेले पाणी हवा सोडण्याच्या झिपेकडे लोटून बाहेर काढावे आणि पुन्हा फुगवावा. ओल्या कापडावर कोणतेही ठिगळ धरत नाही, म्हणून या वाळवण्यात घाई करू नये.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण नवीन माणसाचा सर्वाधिक वेळ तिथेच वाया जातो. हे किल्ले हवाबंद नसतात. टीप मारताना सुईने पाडलेल्या हजारो छिद्रांतून हवा सतत बाहेर जात असते आणि ब्लोअर तितकीच हवा सतत आत भरत असतो. त्यामुळे साबणाचे पाणी लावून शिवणीवर बुडबुडे दिसले म्हणजे दोष सापडला असे होत नाही. ते बुडबुडे कोऱ्या किल्ल्यावरही दिसतील. शिवणींवर गोंद फासून त्या बुजवण्याचा प्रयत्न केल्यास कापड ताठ होते आणि पुढच्या वेळी शिवणीच्या शेजारीच फाटते.

किल्ला खरोखर ढिला आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा मोजून ठरवावे, आणि त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. दीड मीटर पारदर्शक नळी घेऊन ती इंग्रजी ‘यू’च्या आकारात फळीला बांधावी, तिच्यात रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरावे आणि एक टोक झिपेच्या कोपऱ्यातून फुगलेल्या भागात सरकवावे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत किमान १०० मिलिमीटर फरक दिसला, म्हणजे दाब सुमारे १ किलोपास्कल आहे आणि उड्या मारण्याच्या तळाला तेवढा पुरतो. फरक ६०-७० मिलिमीटरच असेल, तर उडी मारणाऱ्या मुलाचे पाय जमिनीला लागतात. हा आकडा प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवावा, म्हणजे दाब एकदम पडला की हळूहळू उतरत गेला हे कळते.

दाब कमी भरला तर संशय कापडावर शेवटी घ्यावा. आधी झिप पूर्ण लागली आहे का आणि तिच्यावरची वेल्क्रोची पट्टी बसली आहे का ते पाहावे, मग ब्लोअरच्या नळीचा पट्टा आवळलेला आहे का, नळीला पीळ पडला आहे का आणि ब्लोअरच्या जाळीत पाने, कागद किंवा थर्माकोल अडकला आहे का ते तपासावे. त्यानंतर वीज पाहावी. दीड अश्वशक्तीच्या ब्लोअरला सोसायटीच्या पोडियमवरून (पार्किंगवरच्या काँक्रीटच्या अंगणावरून) तीस-चाळीस मीटर बारीक वायर ओढून वीज दिली, तर वाटेत व्होल्टेज पडते आणि मोटर मंद फिरते; अशा अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची तांब्याची केबल वापरावी, ती रिळावरून पूर्ण सोडावी आणि अर्थिंगसह ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, मध्ये ठेवावी. ब्लोअर नुसता घुमत असेल किंवा पाते हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नसेल, तर बहुधा मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर गेलेला असतो. तो वायरमनकडूनच आणि त्याच मायक्रोफॅरडचा (क्षमतेचा) बसवून घ्यावा, कारण बंद मशीनच्या कपॅसिटरमध्येही विजेचा साठा राहतो. बदलल्यानंतर पाते बाणाच्या दिशेनेच फिरते आहे ना हे स्वतः पाहावे. या प्रकारचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो, फक्त पुष्कळ कमी टाकतो. त्यामुळे ब्लोअर चालू दिसतो, वाराही लागतो आणि माणूस दिवसभर कापडातले भोक शोधत बसतो.

आता कापडाकडे वळू. शिवण उसवली असेल तर तिथे ठिगळ लावू नये, ती शिवावीच लागते. उसवलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना हातभर पुढपर्यंत जुना दोरा ओढून पाहावा, कारण दिसते त्याच्यापुढेही तो सैल झालेला असतो. जाड नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा घ्यावा आणि चांभाराच्या आरीने जमेल तितके जुन्याच छिद्रांतून टाके घालावेत. दाभणाने नवीन मोठी भोके पाडली तर कापड टपाल तिकिटासारखे त्या रेषेत फाटते. चढण्याची पायरी, भिंत आणि तळ जिथे मिळतात तो सांधा आणि दोर बांधण्याच्या कड्या, या तीन ठिकाणी दुहेरी ओळ घालावी. किल्ल्याच्या आत तळ आणि माथा एकमेकांना धरून ठेवणारे पडदे असतात. तळावर अचानक कुठे टेंगूळ आले, तर आतला पडदा सुटला आहे असे समजावे आणि हे काम ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या जाणत्या कारागिराकडून मशीनवर करून घ्यावे.

चीर किंवा भोक असेल तर ठिगळ लावावे, आणि इथे गोंदाची निवड चुकता कामा नये. सुरुवातीला मी चपलांना लावतात तो पिवळा गोंद वापरत असे. ऐरोलीतल्या एका वाढदिवसाला सकाळी घट्ट बसलेले ठिगळ दुपारच्या उन्हात कडेने सरकू लागले आणि बोट लावले तर खालचा गोंद जॅमसारखा चिकट ओघळत होता. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेले असते, ते हळूहळू बाहेर येऊन अशा गोंदाला विरघळवते. त्याऐवजी हार्डनर मिसळून वापरायचा पॉलियुरेथेनचा दोन भागांचा गोंद घ्यावा. ठिगळ त्याच वजनाच्या कापडाचे, चिरेच्या सर्व बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर पुढे जाणारे आणि कोपरे गोल कापलेले असावे, कारण टोकदार कोपरा सॉक्सला अडकून आधी उचलला जातो. दोन्ही पृष्ठभाग बारीक सँडपेपरने घासावेत, ॲसिटोनच्या बोळ्याने एकदाच पुसावेत, दोन्हींवर पातळ थर लावावा, तो बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकू द्यावा आणि मग रोलरने मधून कडेकडे दाबत ठिगळ बसवावे. हात पोहोचत असेल तर आतूनही एक लावावे. हे काम मोकळ्या हवेत करावे आणि पूर्ण एक दिवस किल्ला फुगवू नये. तळहातापेक्षा लांब चीर असेल, तर आधी टाके घालून मग ठिगळ लावावे.

सगळे दुरुस्त झाले तरी दोर बांधण्याच्या कड्या तपासल्याशिवाय किल्ला भाड्याने देऊ नये. ऑस्ट्रेलियात टास्मानियातील डेव्हनपोर्ट येथे १६ डिसेंबर २०२१ रोजी वाऱ्याने असा किल्ला उचलला गेला आणि ६ मुलांचा मृत्यू झाला. युरोपातील ईएन १४९६० या मानकानुसार किमान ६ ठिकाणी बांधणी लागते, प्रत्येक बांधणीने १६०० न्यूटन म्हणजे सुमारे १६३ किलोंचा ताण सोसावा लागतो आणि वारा ताशी ३८ किलोमीटरच्या पुढे गेला की किल्ला वापरता येत नाही. मैदानावर ३८ सेंटिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड लोखंडी खुंट्या किल्ल्यापासून बाहेर झुकवून ठोकता येतात. पोडियमवर खुंटी जात नाही, तिथे कोपऱ्यावर वाळूची एक-दोन पोती ठेवून भागवतात आणि १६३ किलोंच्या जागी जेमतेम पन्नास किलो वजन पडते. पुरेसे वजन किंवा पक्के खांब मिळत नसतील, तर मी ती मागणी नाकारतो, आणि गच्चीवर तर कधीच देत नाही. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींच्या मधल्या फटीत जमिनीवरही वारा जोराचा असतो. पालवी असलेली लहान झाडे डोलू लागली की मुलांना खाली उतरवावे, ती सगळी उतरल्याची खात्री करावी आणि मगच ब्लोअर बंद करावा. वळवाच्या दिवसांत, मे महिन्यात, हे संध्याकाळी अगदी दहा मिनिटांत करावे लागते.

हंगाम संपताना किल्ला कोरडा करून, झाडून, शिवणींतली वाळू आणि लाल माती काढून घडी घालावी. झिप उघडी ठेवून दूरच्या टोकापासून ब्लोअरच्या नळीकडे गुंडाळत यावे, म्हणजे उरलेली हवा नळीतून निघून जाते. गुंडाळी फरशीवर न टाकता लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवावी, आणि पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एखादा उघडीपीचा दिवस मिळाला की ती सोडून वारा द्यावा.