यंत्र मागवायच्या आधी धूर बाहेर काढा

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमचं वन बीएचके. दमा मला शाळेपासूनचा. मागच्या हिवाळ्यात रात्री उठून बसायची पाळी आली तेव्हा नवऱ्यानं एअर प्युरिफायर आणला. तो हॉलमध्ये घूं घूं करायचा आणि त्याच्या शेजारीच सासूबाईंचा संध्याकाळचा धूप! पंधरा दिवसांनी डोकं ताळ्यावर आलं. आधी धूर, मग धूळ, मग ओल. यंत्राचा नंबर सगळ्यात शेवटी.

डासांची कॉइल पहिली घराबाहेर काढा. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं २००३च्या एका अभ्यासात मोजलं होतं. आम्ही खिडक्यांना वेल्क्रोची जाळी लावली, पलंगाला मच्छरदाणी. धुपाचं प्रकरण नाजूक. “आई, देवापुढे निरांजन लावू, धूप गॅलरीत तुळशीपाशी,” म्हटलं तर चार दिवस अबोला. आता सणावारीच धूप घरात येतो, आणि तेवढा वेळ मी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसते.

फोडणी टाकायच्या आधी एक्झॉस्ट लावा, गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवा. चिमणीचा पाइप भिंतीबाहेर काढलेला नसेल तर ती तेलकटपणा अडवते, पण गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू परत तोंडावर सोडते. तेव्हा खिडकी हवीच.

धूळ म्हणजे माझा खरा वैरी. त्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे गादी-उशीत राहतात. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. कोमट पाण्यात ते मरत नाहीत. गादी-उशीला चेनचं, किडे न शिरणारं कव्हर घाला. गोधड्या झटकायच्या त्या गच्चीवर, आणि दमेकऱ्यानं नाही. कोरडा झाडू धूळ नुसती उडवतो, म्हणून आमच्याकडे ओलं फडकं आधी. पंख्याच्या पात्याला जुना अभ्रा चढवून ओढला की सगळी धूळ आत राहते, अंगावर पडत नाही.

पावसाळ्यात ओल. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची गळती थांबवल्याशिवाय भिंतींना नवा रंग देऊ नका, बुरशी तिसऱ्या महिन्यात परत येते. आम्ही दोनदा पैसे घालवलेत. ओले कपडे बेडरूममध्ये वाळत घालू नका. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

हे सगळं झाल्यावर प्युरिफायर. हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचा घ्या, ओझोन सोडणारा नको, तो दम्याला उलट त्रास देतो. १२० चौरस फुटांच्या खोलीला तासाला साधारण १४० घनमीटर हवा गाळणारा पुरतो. झोपायच्या खोलीत ठेवा, दार लावून. आमचाही आता तिथेच असतो.

दम्याचा रोजचा पंप (इनहेलर) मात्र हवा सुधारली म्हणून बंद करू नका. मी एकदा केला, आठवड्याभरात नेब्युलायझरवर गेले. तात्पुरत्या आरामाचा दुसरा पंप ज्या दिवशी लागतो, त्या दिवशी कॅलेंडरच्या चौकोनात मी टिंब काढते. आठवड्यात दोनाहून जास्त टिंबं दिसली की जाळ्या आणि गाद्या तपासत बसत नाही, सरळ डॉक्टरांकडे जाते.