कालव्याकाठची वाट सपाट असते, सोपी नसते: ग्रॅव्हल सायकलची तयारी

कालव्याच्या काठाने ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या वाटांसाठीची जरा रुंद टायरची सायकल, चालवायची म्हटलं की लोक म्हणतात त्यात काय, चढ नाही की उतार नाही, कुणीही जाईल. कुणीही जाईल हे खरंय, पण पहिल्यांदाच साठ-सत्तर किलोमीटर करून आलेल्या माणसाला विचारा काय दुखतंय, तो मांड्या नाही सांगणार, तळहात, मान आणि बूड सांगेल. डोंगरातल्या रस्त्यावर चढ संपला की उतार येतो, पाय थांबतात, आपण सीटवरून जरा उठतो, हात झटकतो. इथे उतारच नाही तर पायही थांबत नाहीत, तीच बसणी आणि तीच पकड, तासन् तास. माझ्या मते सगळी तयारी ह्या एका गोष्टीभोवती करावी.

आधी वाट कशी असते ते बघू, म्हणजे नावा चालवायला खोदलेल्या जुन्या कालव्यांची. पाणी एका पातळीत राहायला हवं म्हणून कालवा सपाट खोदतात आणि जमीन चढते तिथे लॉक बांधतात, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला मोठा हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेतात. इंजिनं यायच्या आधी ह्या नावा काठावरून घोडे आणि खेचरं दोरीने ओढायची, त्यांच्यासाठी केलेली वाट आज आपल्याला मिळालीय. जुन्या दगडी पुलांखाली कोपऱ्यावर खोल खाचा दिसतात, त्या ह्याच दोऱ्या घासून पडल्यात, थांबून एकदा बोट फिरवून बघाच. अमेरिकेतल्या चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट साधारण २९७ किलोमीटर आहे, ७४ लॉक, आणि एवढ्या अंतरात एकूण चढ जेमतेम १८४ मीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण दोनच फूट. पण तो चढ सारखा पसरलेला नसतो, लॉक आलं की एकदम छोटी, कधीकधी बरीच उभी चढण लागते, त्यामुळे लॉकची दारं दिसली की आधीच गिअर हलका करा, चढणीवर जोर लावून बदलाल तर चेन कुरकुरते नाहीतर उतरते.

आता टायर, आणि इथे मी जरा जास्त बोलणार कारण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा टायर ह्या वाटांना उत्तम, खूप खोल नक्षी नको, मधे गुळगुळीत आणि कडेला थोडे दाते असले की झालं. हवा मात्र लोक हमखास जास्त भरतात. मी सुरुवातीला रस्त्यावरच्या सवयीने ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून निघालो होतो आणि तिसाव्या किलोमीटरला करंगळ्या बधिर झाल्या, खडीचा प्रत्येक दाणा मनगटात जाणवत होता, घरी आल्यावर शर्टाची बटणं काढता येईनात. ७५ किलोच्या आसपास वजन, ४० मिलिमीटरचा ट्यूबलेस टायर असेल तर पुढे ३० आणि मागे ३३ पासून सुरू करा. मग दोन-दोन पीएसआय कमी करत जा, वळणावर टायर लचकल्यासारखा वाटला किंवा दगडावर रिम ठक्क करून आपटली की दोन परत भरा, तो तुमचा आकडा. ट्यूब असेल तर चार-पाच जास्तच ठेवा, नाहीतर दगड आणि रिममधे ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. आणि पंप नेहमी एकच वापरा, कमी हवेवर दोन पंपांचे काटे एकसारखं सांगतीलच असं नाही.

काटे हा दुसरा विषय. वाटेच्या कडेला झुडपांचं कुंपण असेल आणि ते नुकतंच मशीनने छाटलं असेल तर सगळे तुकडे वाटेवर पडलेले असतात. ट्यूबलेस आणि आत ताजं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं पातळ औषध, असेल तर काटा उपसा, भोक खाली जमिनीकडे येईल असं चाक फिरवा आणि थांबा, आधी फुसफुस करत पांढरं पाणी येतं, मग बुडबुडे, मग नुसता एक ओला ठिपका उरतो. नाही थांबलं तर प्लग, म्हणजे भोक बुजवायची चिकट पट्टी, खुपसा. सीलंट आतल्या आत वाळतं हे बरेच जण विसरतात, दर दोन-तीन महिन्यांनी चाक कानाशी धरून हलवून बघा, आत खळखळ आली पाहिजे. ट्यूबवाल्यांनी नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवायचं, काटा तिथेच राहिलेला असतो आणि दोन किलोमीटरवर नव्या ट्यूबचाही जीव घेतो.

बसणीचं सांगतो. हँडल रेसच्या सायकलपेक्षा थोडं उंच ठेवा, कोपरं सैल. दर दहा मिनिटांनी पकड बदला, हँडलवर वरून, ब्रेकच्या हुडांवर (ब्रेक जिथे बसवलेले असतात ते रबरी उंचवटे), खाली वाकून, आणि दर वीसेक मिनिटांनी गिअर दोन घर जड करून उभं राहून पंधरा-वीस पेडल मारा, गरज वाटत नसली तरी मारा, कारण वाटेल तेव्हा उशीर झालेला असतो. तासाला एकदा खाली उतरून चाला.

वारा विसरू नका, कालव्याचा बांध बऱ्याचदा आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच असतो, आडोसा काहीच नाही. जाताना वारा समोरून घ्या आणि येताना पाठीवर.

वाट सुकी असेल तर गाणं म्हणत जाल. ओली असेल तर लाकडी पूल, लॉकच्या कडेचे गुळगुळीत दगड आणि कुजलेली पानं ह्यांच्यावर ब्रेकही नाही आणि वळणही नाही, चाक सरळ ठेवून पार व्हायचं. मधे गवत आणि दोन बाजूंना चाकोऱ्या अशी वाट असेल तर पाण्यापासून लांबची चाकोरी धरा, आणि बदलायचीच झाली तर गवताची कड तिरकी घासत जाऊ नका, चांगला कोन करून ओलांडा. नजर पाण्याकडे गेली की सायकलही तिकडे जाते, म्हणून जायचंय तिथेच बघा. फ्रान्समधला कॅनाल द्यू मिदी, १६८१ मधे पूर्ण झालेला, २४० किलोमीटर, तिथे काठाला मोठी झाडं आहेत, सावली सुंदर पण मुळं वाटेवर आलेली, अशा जागी सीटवरून किंचित उठून गुडघे सैल सोडायचे.

ही वाट आपल्या एकट्याची नाही. चालणाऱ्याला आधी जाऊ द्या, घंटी लांबूनच वाजवा आणि पुलाखालच्या आंधळ्या वळणावर तर नक्कीच. मासे धरणाऱ्यांच्या काठ्या दहा-बारा मीटरच्या असतात आणि मागे ओढल्या की पूर्ण वाटेवर आडव्या येतात, कुणी स्टुलावर पाठमोरं बसलेलं दिसलं की वेग सोडा, त्याला काठी उचलायला वेळ द्या. काठाला बांधलेल्या नावांचे दोरही बघा. हंसाचं घरटं असेल तर उतरून लांबून, शांतपणे. बोगदा असेल तर दिवा लावा आणि उतरूनच चाला, चेसापीकच्याच वाटेवरचा पॉ पॉ बोगदा साधारण ९५० मीटर आहे, आत अंधार, वाट अरुंद, तिथे सायकल हातात धरून नेतात.

माझी आवडती पद्धत म्हणजे जाताना कालवा आणि येताना शेतातल्या वाटांनी गोल करून परत, शरीरालाही बदल मिळतो. शेतातलं फाटक जसं होतं तसंच ठेवा, बंद असेल तर बंद. गाई-गुरं वाटेत असतील तर उतरा. निघायच्या आधी वाट दुरुस्तीसाठी बंद नाही ना ते बघा, आणि नकाशा फोनमधे आधीच उतरवून ठेवा. वाट कुठल्या पुलावर काठ बदलते ते खास बघून ठेवा, मी एकदा पाच किलोमीटर चुकीच्या काठाने गेलो आणि समोरची वाट दिसत होती पण मधे पाणी.

कालव्याचं पाणी पिऊ नका, बाटली धुवायलासुद्धा नको. पुढच्या चाकाने उडालेला चिखल बाटलीच्या तोंडावर बसतो आणि त्यात शेण असू शकतं, म्हणून झाकणवाली बाटली घ्या आणि खाण्याआधी हात धुवायला वेगळं पाणी ठेवा.

घरी आल्यावर जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, पाणी बेअरिंगमधे घुसतं, बादली आणि ब्रश पुरे. चेन पुसून कोरडी करून तेल द्या, जास्तीचं पुसून टाका. आणि टायर उजेडात धरून सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा, नक्षीत अडकलेले बारीक खडे आणि अर्धवट घुसलेले काटे तेव्हाच दिसतात, ते नखाने नाहीतर पिनेने काढून मग सायकल आत न्या.