सोसायटीत डॉजबॉल लीग कशी सुरू करायची, आणि पहिला आउट झालेला पोरगा घरी जाऊ नये म्हणून काय करायचं

डॉजबॉल म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे काहीतरी बाहेरचं प्रकरण आहे, पण लहानपणी आबाधुबी खेळलेल्या माणसाला हा खेळ वेगळा शिकवावा लागत नाही. आमच्याकडे त्यालाच रप्पारप्पी पण म्हणायचे. चेंडू हातात आला की समोर दिसेल त्याची पाठ शेकायची, बस. फरक एवढाच की आबाधुबीत प्रत्येक जण प्रत्येकाचा वैरी, आणि डॉजबॉलमध्ये मधे एक रेघ, दोन बाजूला दोन टीम, आणि चेंडू लागला की पाठ चोळत खेळत राहायचं नाही, सरळ बाहेर जायचं.

आणि नेमकं ते बाहेर जाणं हाच या खेळातला सगळ्यात मोठा प्रॉब्लेम आहे. आमच्या सोसायटीत (डोंबिवलीत, चार विंग, मधे एक बरं मोकळं ग्राउंड) पहिल्या वर्षी लीग केली तेव्हा एक ९ वर्षांचा मुलगा प्रत्येक गेममध्ये पहिल्या अर्ध्या मिनिटात आउट व्हायचा आणि मग कट्ट्यावर बसून राहायचा, असं दोन तास. पुढच्या रविवारी तो आलाच नाही. ज्याला खेळायची सगळ्यात जास्त गरज असते तोच सगळ्यात आधी बाहेर बसतो, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं, आणि त्यानंतर लीगचे सगळे नियम आम्ही या एका गोष्टीकडे बघून बदलले. खाली जे लिहितोय ते सगळं त्यातूनच आलेलं आहे.

आधी जागा आणि तारखा

डॉजबॉलचं कोर्ट साधारण ६० फूट बाय ३० फूट धरतात. व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ मीटर बाय ९ मीटर असतं, म्हणजे जवळजवळ तेवढंच, त्यामुळे सोसायटीत किंवा जवळच्या शाळेत व्हॉलीबॉल कोर्ट आखलेलं असेल तर नेट काढा, काम झालं. त्याच्यावरची अटॅक लाइन (मधल्या रेघेपासून ३ मीटरवर दोन्ही बाजूला असते ती) पण वापरता येते. फक्त बॅडमिंटन कोर्ट असेल तर ते ४४ बाय २० फूट, त्यात ६-६ जण फार दाटीवाटीने उभे राहतात, तिथे ४-४ ची टीम करा. मातीचं ग्राउंड असेल तर फक्की मारून रेघा आखायच्या, काँक्रीट असेल तर खडू. पेव्हर ब्लॉकवर टेप चिकटत नाही, उगाच पैसे घालवू नका. पार्किंगमध्ये गुळगुळीत टाइल असेल तर तिथे खेळूच नका, हा खेळ म्हणजे अचानक थांबणं, वळणं, वाकणं, आणि ओल्या टाइलवर त्याचा शेवट मनगट मोडण्यात होतो.

तारखांचं म्हणाल तर पावसाळा सोडून द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावी असते, तेव्हा ग्राउंडवर आरडाओरडा केला तर लोक बरोबरच चिडतात. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात छान, नाहीतर मे महिन्यात सकाळी ७ पासून. सेक्रेटरींना आधी लेखी अर्ज द्या, त्यात तारखा, वेळ आणि काही फुटलं तर भरपाई कोण देणार ते स्पष्ट लिहा, हे शेवटचं वाक्य वाचलं की कमिटी बरीच नरम येते.

चेंडू, यावर सगळं अवलंबून आहे

इथे कंजुषी करू नका. टेनिस बॉल नको, तो डोळ्याला लागला तर इजा होऊ शकते, आणि कडक हवा भरलेला व्हॉलीबॉल पण नको, कारण एकदा का एखाद्या पोरीला गालावर बसला की ती परत येत नाही आणि तिच्या मैत्रिणी पण येत नाहीत. फोमचा, साधारण ७ इंचाचा, वरून पातळ रबराचं आवरण असलेला चेंडू मिळतो तो घ्या. लागला तर आवाज होतो, दुखत नाही. तो नाहीच मिळाला तर हलका रबरी चेंडू थोडी हवा काढून. मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय फोम डॉजबॉलमध्ये एका वेळी ६ चेंडू असतात, कापडी चेंडूंच्या प्रकारात ५, पण नवीन लोकांना ६ चेंडू म्हणजे नुसता गोंधळ, कोणाला काय लागलं ते अंपायरलाच दिसत नाही. पहिल्या रविवारी ३ ने सुरू करा, मग ४, सेमीफायनलपर्यंत ६ वर या.

टीम कशा पाडायच्या

दोन कॅप्टन उभे करून एकेक भिडू निवडायची पद्धत बंद करा, प्लीज. शेवटी उरलेल्याला काय वाटतं ते त्या वयात विसरलं जात नाही. आम्ही वयाप्रमाणे चार डबे करतो, ८ ते ११, १२ ते १५, कॉलेजवाले, आणि मोठे (आमच्याकडे ५८ वर्षांच्या एक काकू आहेत, त्यांचा झेल सुटत नाही), आणि प्रत्येक डब्यातून चिठ्ठी काढून प्रत्येक टीममध्ये वाटून देतो. विंगप्रमाणे टीम करायचा मोह होतो पण ते टाळा, पार्किंगची भांडणं ग्राउंडवर येतात. कोर्टवर ६ जण, टीममध्ये ८. दोन जण राखीव, आणि प्रत्येक गेमला बदलायचेच, कोणी सलग दोन गेम बाहेर बसायचं नाही.

आठच्या खालची पोरं हट्टाने येतातच, त्यांना कच्चा लिंबू म्हणून घ्या. पण आपण लहानपणी करायचो तसं नुसतं नावाला नाही, त्यांना तीन लाइफ द्या आणि त्यांनी घेतलेला झेल खरा धरा.

मूळ खेळ

चेंडू मधल्या रेघेवर ठेवायचे, दोन्ही टीम मागच्या रेघेला हात लावून उभ्या, शिट्टी वाजली की धावायचं. मधल्या रेघेवर उचललेला चेंडू आधी आपल्या अटॅक लाइनच्या मागे न्यायचा आणि मगच मारायचा, नाहीतर सुरुवातीलाच तोंडासमोरून रपाटे बसतात. चेंडू अंगाला थेट लागला तर आउट. टप्पा पडून किंवा भिंतीला लागून आला तर नाही. मारलेला चेंडू समोरच्याने झेलला तर मारणारा आउट, आणि झेलणाऱ्याच्या टीमचा जो सगळ्यात आधी बाहेर गेला होता तो आत. हातातल्या चेंडूने येणारा चेंडू अडवता येतो, पण अडवताना हातातला सुटला तर आउट. खांद्याच्या वर मारलं तर लागलेला आत राहतो आणि मारणाऱ्याला ताकीद, दुसऱ्यांदा केलं तर तो गेम बाहेर. एखादा मुद्दाम डोकं खाली घालून चेंडूसमोर आला तर मात्र तो आउट.

गेम ३ मिनिटांचा, यापेक्षा जास्त नको. वेळ संपली की ज्यांचे जास्त भिडू आत ते जिंकले. असे ५ गेम म्हणजे एक मॅच, आणि ३-० झालं तरी पाचही खेळायचे, कारण प्रत्येक गेमला गुण आहेत: जिंकला २, बरोबरी १. गेम छोटा असला की आउट झालेल्याला माहीत असतं की दोन मिनिटांत आपण परत आत आहोत. पुढे असलेली टीम वेळ काढायला सगळे चेंडू घेऊन नुसती उभी राहते, त्यावर उपाय म्हणजे अंपायरने ५ आकडे मोजायचे, तोपर्यंत मारलं नाही तर सगळे चेंडू समोरच्यांना.

वेळापत्रक

लीगमध्ये प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर ४ टीमला ६ मॅच, ६ टीमला १५, ८ टीमला २८ होतात. सोसायटीला ६ टीम एकदम बरोबर. एक मॅच पोरांना गोळा करण्यासकट २५ मिनिटं धरा, म्हणजे एका सकाळी ५ मॅच, तीन रविवारात लीग संपली, चौथ्या रविवारी सेमीफायनल आणि फायनल. ८ टीम आल्याच तर ४-४ चे दोन गट करा, मग १२ मॅचमध्येच भागतं.

कोण कधी कोणाशी खेळणार हे ठरवायची सोपी युक्ती सांगतो. कागदावर दोन ओळीत टीम लिहा, वर १ २ ३, खाली ६ ५ ४, समोरासमोर आलेल्यांची मॅच. पुढच्या फेरीला १ नंबर जागेवर ठेवायचा आणि बाकी सगळ्यांना घड्याळाच्या दिशेने एक घर सरकवायचं, म्हणजे वर १ ६ २, खाली ५ ४ ३. असं पाच वेळा केलं की १५ मॅच बरोबर बसतात, एकही रिपीट होत नाही. गुण सारखे झाले तर आपसातली मॅच बघा, तीही सुटत नसेल तर पाच गेममध्ये आत राहिलेल्या भिडूंची बेरीज, म्हणून स्कोअर लिहिताना तो आकडा पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

अंपायर म्हणून ज्या टीमची मॅच नाही त्यांचे दोन जण, दोन्ही बाजूच्या रेघेवर, आणि एक मोठा माणूस शिट्टी घेऊन मधे. पण खरी गोष्ट अशी की ४ चेंडू हवेत असताना तिघांनाही सगळं दिसणार नाही, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका: लागलं तर आपणच हात वर करून बाहेर जायचं. आम्ही त्याला गुणच ठेवलाय, कोणी न सांगता स्वतः आउट दिलं आणि अंपायरला ते दिसलं नव्हतं तर समोरच्या कॅप्टनने सांगायचं, त्या टीमला १ गुण. पहिल्या सीझनला जो रडीचा डाव चालायचा तो यानंतर अर्ध्यावर आला, मी हे मनापासून सांगतोय.

आता प्रकार, जिथे खरी मजा आहे

पाच गेम सारखेच खेळलात तर तिसऱ्या रविवारपर्यंत कंटाळा येतो आणि जोरात मारणारे दोघंच जिंकत राहतात. आम्ही पहिले तीन गेम साधे खेळतो आणि चौथा-पाचवा चिठ्ठी काढून.

डॉक्टर हा सगळ्यात लाडका. प्रत्येक टीम आपल्यातला एक डॉक्टर ठरवते आणि फक्त अंपायरच्या कानात सांगते. आउट झालेला जागेवरच खाली बसतो, डॉक्टरने हात लावला की तो उठतो. समोरच्यांना डॉक्टर कोण ते ओळखायचंय, त्यामुळे बाकीचे मुद्दाम खोटे हात लावत फिरतात. डॉक्टर गेला की मग बसलेले बसलेलेच. लहान आणि गुपचूप पोरांना डॉक्टर करा, त्यांच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही, आणि तो वर सांगितलेला ९ वर्षांचा मुलगा दुसऱ्या सीझनला परत आला तो याच खेळामुळे, तीन वेळा डॉक्टर झाला आणि एकदाही सापडला नाही.

लगोरी डॉजबॉल आमचा आम्हीच बसवला. दोन्ही बाजूला मागच्या रेघेपासून एक मीटर आत सात ठिकऱ्यांची लगोरी रचायची. भिडू आउट करून पण जिंकता येतं आणि समोरची लगोरी पाडून पण. स्वतःच्या टीमच्या पायाने पडली तरी पडलीच. फोमच्या चेंडूने दगडाच्या ठिकऱ्या हलत नाहीत, लाकडाच्या घ्या किंवा रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या उभ्या करा. यात नेम लागतो, ताकद नाही.

जपानमध्ये खेळतात तो प्रकार पण नक्की करून बघा. एकच चेंडू, आणि आउट झालेला घरी बसत नाही, समोरच्या टीमच्या कोर्टच्या मागे जाऊन उभा राहतो आणि तिथून मारतो. पुढून मागून दोन्हीकडून मारा असतो त्यामुळे आतल्यांना सारखं वळावं लागतं. आमच्याकडे नियम असा की बाहेरून कोणाला आउट केलंत तर तुम्ही परत आत. बसून राहणारा एकही माणूस नाही, लहान जागेत तर हाच खेळा.

राजा म्हणजे एकाच्या डोक्याला रुमाल बांधायचा, तो आउट झाला की गेम संपला, बाकीचे अंगावर चेंडू झेलत त्याला वाचवतात. यात आरडाओरडा फार होतो, सकाळी सातला नको.

आणि शेवटच्या दिवशी बक्षिसाच्या आधी सगळ्यांची मिळून आबाधुबी, रेघ नाही, टीम नाही, आई-बाबा पण आत. लागलं की जागेवर बसायचं, ज्याने तुम्हाला मारलं तो आउट झाला की तुम्ही उठायचं.

थोडं दुखापतीचं

सुरुवातीला १० मिनिटं वॉर्मअप हवाच, विशेष करून खांदे, कारण मोठ्यांनी वर्षभरात काहीच फेकलेलं नसतं आणि पहिल्याच गेममध्ये पूर्ण जोर लावतात. बूट सगळ्यांना कंपल्सरी, अनवाणी किंवा चपलेवर नाही. चष्मेवाल्यांनी मागून दोरीवाला बँड लावावा. बोटात अंगठी नको, झेल घेताना बोट सुजलं तर ती निघत नाही. बर्फ आणि क्रेप बँडेज ग्राउंडवरच ठेवा. दर दोन मॅचनंतर सगळ्यांनी पाणी, उन्हाळ्यात कोकम सरबत किंवा लिंबू-मीठ-साखर.

सीझन संपला की चेंडू ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, फोमच्या आत पाणी शिरलं तर तो जड होतो आणि मग लागतो. जाळीच्या पिशवीत भरून मोकळ्या हवेत टांगा, आणि आवरण फाटलेले वेगळे काढून लहान मुलांना खेळायला देऊन टाका, म्हणजे पुढच्या सीझनला येईपर्यंत त्यांचा हात बसलेला असतो.